अंदाज चुकलेली पाटी

पेंटरचाचा इतके वाळलेले, की वारा सुटला तर शिडी सोडून त्यांनाच धरावं लागेल असं वाटायचं. पण त्यांची अक्षरं! गोल, जाडजूड, गालफुगी. आमच्या मस्तगड भागातल्या निम्म्या दुकानांवर ती ऐसपैस बसलेली असत. कुणी विचारलं, की चाचा म्हणायचे, "उपाशी अक्षराच्या दुकानात गिऱ्हाईक कशाला येईल? अक्षर कसं खातंपितं पाह्यजे."

पाटी झाली, की ते रस्त्यापलीकडे जात आणि चष्मा घरी विसरलेला एखादा म्हातारा गाठून त्याच्याकडून वाचून घेत. तो अडखळला, तर पुन्हा शिडीवर चढून अक्षराला आणखी रंग चारत. अंबडच्या बसमधल्या माणसाला जाता जाता वाचता आलं, तरच ती पाटी, असा त्यांचा दंडक होता.

खोड एकच. मोजायचं म्हणून नाही. पहिली अक्षरं मनसोक्त फुगवायची आणि मग फळी संपायची. एका किराणा दुकानाचं 'भांडार' असंच काठाला अंग चोरून उभं होतं. मालक चिडला, तर चाचा शांतपणे म्हणाले, "शेवटचं पोरगं हाय, जरा रोडकंच राहतं."

मी शिलाईचं दुकान टाकलं, तेव्हा पाटी लिहायला चाचाच आले. पाच वर्षं दुसऱ्याच्या दुकानात मान मोडून मशीन चालवली होती मी. पाटीवर माझं नाव मोठं यावं, एवढीच हौस होती. पण सासऱ्यांनी, आमच्या अण्णांनी, बजावलं, "बाईमाणसाचं नाव रस्त्यावर कशाला मिरवायचं? मोठ्या अक्षरात लिहा, 'केशवराव यांच्या सुनेचे शिलाई केंद्र'. तिचं नाव खाली, बारीक." मी आत काजं करत होते. डोळे भरून आले, टाका दिसेना. चाचांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बराबर अण्णा. तुम्ही चहा पिऊन या."

अण्णा गप्पा मारून दोन तासांनी परतले तेव्हा फळीभर 'सुमन' पसरली होती. टम्म, लालभडक. खाली 'शिलाई केंद्र', आणि कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत केशवराव. अण्णा कडाडले, "चाचा, हे काय करून राह्यले तुम्ही?"

चाचांनी कान पकडले. "अंदाज चुकला अण्णा. माझी खोड तर तुम्हाला ठाऊकच हाय."

आजूबाजूचे दुकानदार हसले, नाइलाजानं अण्णाही हसले, आणि पाटी चढली.

मी मात्र हसले नाही. अण्णा चहाला गेल्याबरोबर चाचांनी खिशातून दोरी काढून फळी मोजली होती. आडवी, उभी, दोनदा. त्यांना मोजताना मी तरी कधी पाहिलं नव्हतं.

हे मी पुष्कळ वर्षं पोटात ठेवलं. चाचांची नजर गेली तेव्हा भेटायला गेले आणि विचारलंच. ते पोट धरून हसले. "बेटी, मोजल्याशिवाय इतका बराबर अंदाज चुकतो का?"

गेल्या वर्षी चाचा गेले. माझ्या पाटीची फळीही कुजली, म्हणून परवा मी नवी करायला फ्लेक्सवाल्याकडे गेले. त्याच्या कॉम्प्युटरवर तस्सा गोल, जाड टाइप निघाला. "जुन्या स्टाइलचा हाय मावशी, आता पुन्हा लय चालून राह्यला," तो म्हणाला. मला चाचांची इतकी आठवण आली, की तिथंच रडू फुटलं.

तो बिचारा गडबडला. "मावशी, नाव लय मोठं झालंय का? बाकीचं मावत न्हाई. अंदाज चुकला वाटतं."

मी डोळे पुसले आणि पिशवीतली शिलाईची टेप काढून त्याच्यापुढे ठेवली. म्हटलं, "न्हाई बाबा. मोजून आणलंय."