आजोबांनी मोडलेला नवस

माझे आजोबा शिवणयंत्रं दुरुस्त करायचे. घरात बोलायचं खातं आजीकडे होतं. आजोबांच्या वाट्याला एकच शब्द, "बघू". छप्पर गळतंय, बघू. पाहुणे येतायत, बघू. आजी म्हणायची, "ह्यांना देवाने स्वर्गात चला म्हटलं, तरी हे बघू म्हणतील."

मी तान्ही असताना न्यूमोनियाने जवळजवळ हातची गेले होते. आई-बाबा नोकरीच्या गावाहून निघाले होते, पण पोहोचले नव्हते. दवाखान्याच्या बाकावर आजीने मोठ्याने नवस केला, की ही वाचली तर ही तुझ्या सेवेला. शेजारी आजोबा बसलेले. त्यांनी ब्रसुद्धा काढला नाही. मी वाचले, आणि तिथेच अडकले.

आई-बाबांची नोकरी बाहेरगावीच राहिली, म्हणून पुढे मी आजी-आजोबांकडेच वाढले. रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत आजी देवाला माझी आठवण करून द्यायची, जणू तो विसरभोळाच आहे. मला मात्र आजोबांच्या कामात करमायचं. अडकलेला दोरा चिमट्याने ओढायचा, तेल सोडायचं, चाक हाताने फिरवून आवाज ऐकायचा. कॉलेज संपल्यावर मला कपड्यांच्या कारखान्यात मेकॅनिकची जागा मिळाली. त्याच आठवड्यात आजीने परस्पर आमच्या चर्चच्या पाळकांना सांगून टाकलं: रविवारी उपासनेत ती मला मंडळीसमोर उभी करणार, आणि तिथून मी सेविकांच्या प्रशिक्षणाला जाणार.

मी जाणार नाही म्हणाले. आजी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पांढरीफटक पडली. "अगं, शब्द दिलाय मी. तुझा जीव मागून घेतलाय त्याच्याकडून." नवस मोडला तर देव मला परत नेईल, असं तिला वाटत होतं. मला तिचा संताप आला, आणि भीतीही वाटली. ही भीती तिनेच मला लहानपणापासून घासाघासाने भरवली होती.

शनिवारी जेवताना आजोबांनी ताट बाजूला सारलं.

"तो नवस मी मोडला," ते म्हणाले.

आजीला आधी कळेचना. "काय बोलताय तुम्ही?"

"पवित्र शास्त्रात आहे. बायकोचा नवस नवऱ्याने ऐकला आणि त्याच दिवशी नको म्हटलं, तर ती सुटते."

"त्याच दिवशी. तुम्ही तर ऐकून गप्प बसलात."

"बसलो. पोर मरायला टेकली होती. तेव्हा देवाला नको कसं म्हणू?"

"मग उशिरा मोडला तर काय होतं, तेही वाचलं असेल."

"वाचलंय. दोष नवऱ्यावर येतो. तुझ्यावर नाही, हिच्यावर नाही."

आजी ताटावरून उठली आणि मोरीत जाऊन रडत राहिली. दुसऱ्या घरात हे नुसतं वादापुरतं बोलणं ठरलं असतं. आमच्या घरात न्यायाचा दिवस उद्याच्या दूधवाल्याइतका नक्की होता.

मी आजोबांना विचारलं, "खरंच वाटतं तुम्हाला, शिक्षा होईल म्हणून?"

"हो."

"मग कशाला मोडलात?"

"मशीनला हात चांगला आहे तुझा," ते म्हणाले, आणि ताट पुन्हा पुढे ओढलं.

रविवारी आजीने मला मंडळीसमोर उभं केलं नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेत आता माझं नाव येत नाही. ती फक्त "ह्यांना क्षमा कर" म्हणते. आजोबा डोळे मिटून आमेन म्हणतात.

मी कारखान्यात रुजू झाले. काम मनासारखं आहे, पण जिवाला चैन नाही. देवाशी बोलणं मी कॉलेजातच सोडलं होतं. आता कामावर जाताना भर रस्त्यात माझे ओठ हलतात. तो आहे की नाही, मला ठाऊक नाही. नसेल तर आजोबा सुटले. असेल तर तो दोष त्याने माझ्यावर घालावा, एवढंच मी रोज मागते. आजोबा आता फार थकलेत, आणि मला अजून काही उत्तर आलेलं नाही.