चार बोटांचा फरक

लढाईच्या दिवसांत नवा टायर मिळत नसे. मी तेव्हा निपाणी-बेळगाव सर्व्हिस मोटार चालवायचो. एकदा पुढचा टायर फाटला, तेव्हा एक जुना मिळवून मी चाकासकट स्टँडामागच्या टायरवाल्याकडे गेलो.

त्याला इंग्रजी येत नव्हतं. टायरवरचे झिजलेले आकडे तो डोळे मिटून बोटांनी चाचपायचा.

"मागचा आकडा चाकाचा, त्यो जुळतोय. पुढचा जाडीचा, त्यो न्हाय."

फाटक्या टायरभोवती सुतळी फिरवून त्यानं तीच या टायरला लावली. चार बोटं तोकडी पडली.

"चाकावर बसतोय ना?" मी चिडलो.

"बसतोय की. पर तवंदीचा घाट उतरताना गाडी एका अंगाला ओढंल." सुतळी बोटाला गुंडाळत त्यानं विचारलं, "माणसं किती?"

"अठरा."

"मग त्यास्नी इचारून या, अण्णा. व्हय म्हणाली तर बसवतो."

मी तणतणत स्टँडवर आलो. मोटारीच्या सावलीत सगळी माणसं गाठोडी घेऊन बसली होती. एका म्हातारीनं विचारलं, "झालं का रं?"

तिच्या तोंडाकडं बघून मला ते विचारता आलं नाही.

"आज गाडी न्हाय, आज्जी," एवढंच म्हणालो.