अठरा क्विंटल खोलीत, पन्नास कागदावर

तारीख वीस एप्रिल, वार रविवार. रक्कम एक लाख चाळीस हजार रुपये. हजर तिघे: मी, माझी बायको आणि वसमतच्या मोंढ्यात ज्या आडतीवर आमची हळद जाते तिथले मुनीमजी. स्थळ, कुरुंद्यातली आमची ओसरी.

रक्कम अर्थात बँकेत होती, ओसरीवर तिचा फक्त आकडा होता. मी शाळेत लिपिक आहे. गावात शाळेच्या दारातून आत जाणाऱ्या प्रत्येकाला गुरुजी म्हणतात, म्हणून मलाही म्हणतात. वेतन आयोगाच्या फरकाचे हप्ते साठवून एवढी रक्कम झाली होती आणि मला तिच्यावर वायदेबाजार शिकायचा होता.

श्रीमंत व्हायची घाई नव्हती. मला खरोखर कुतूहल होतं. मोंढ्यात हळदीचा लिलाव मी लहानपणापासून पाहतो आहे. ढिगाजवळ खरेदीदार येतो, आत हात घालतो, एक कांडी काढून मोडतो. चांगली वाळलेली असेल तर कट् असा आवाज येतो. आतला रंग पाहतो, वास घेतो आणि मग बोली बोलतो. त्याच मोंढ्यात आडतीच्या गादीवर मुनीमजींच्या मोबाइलवर दुसराच एक भाव चालू असतो. तो वायद्याचा. म्हणजे दोन-तीन महिन्यांनी द्यायच्या हळदीचा सौदा आजच. तिथं कुणी कांडी मोडत नाही. मग तो भाव ठरवतं कोण, आणि कशावरून? हा प्रश्न माझ्या डोक्यात तीन-चार वर्षं होता.

त्या हिवाळ्यात मी मोबाइलवर बरंच पाहिलं, ऐकलं. एक गृहस्थ लांबलचक गाडीला टेकून रोज पाच हजार कसे कमवायचे ते शिकवत. बायको भाकरी थापता थापता ऐकायची. एकदा म्हणाली, "रोज पाच हजार कमावून राहिला, तर हा उन्हात उभा राहून आपल्याला काहून सांगून राहिला?"

 गाडी भाड्याची असावी अशी शंका मलाही होती.

त्या रविवारी मुनीमजी मागच्या मालाच्या विक्रीची पट्टी द्यायला आले होते. मी विषय काढला. त्यांनी चहा बशीत ओतला, संपवला, मग बोलले.

"एक सौदा म्हंजे पन्नास क्विंटल. भाव शंभरानं हलला की पाच हजार इकडं न्हाई तर तिकडं. सौद्यासाठी भरायची अनामत लाखाच्या आसपास. किती दिवस टिकाल ते तुमीच मांडा, गुरुजी. आकडे तुमचेच दोस्त हायेत."

मी मांडलं. भाव दोन हजारांनी पडला तर एक लाख. हळद दोन हजारांनी पडलेली मी अनेकदा पाहिली होती.

"मग करू नको म्हणता?"

"म्या कवा म्हणलो? कागदावर करा. पोळ्यापर्यंत. पैशाला हात न्हाई लावायचा."

बायको दारात उभी होती. म्हणाली, "आन् पोळ्याला हिशेब माझ्यासमोर. फरकाचे पैसे तुमचे, त्याचं पुढं काय करायचं ते करा. पर त्या खोलीतली अठरा क्विंटल माझी. तिचं कांडप मशीन येणार हाय, दसऱ्याच्या आधी."

हे आधीच ठरलेलं होतं. त्या वर्षीच्या हळदीपैकी मजुरी, शिजवणी आणि खतापुरती विकून अठरा क्विंटल आम्ही मागे ठेवली होती. हळद-मिरची दळायचं मशीन, मोटार, स्टार्टर आणि बसवणी मिळून दोन लाख चाळीस हजारांचं कोटेशन होतं, दसऱ्यापर्यंत लागू. थ्री-फेजसाठी तिने अर्ज केला होता. अकरा घरच्या बायकांनी दळण तिच्याकडेच टाकायचं कबूल केलं होतं. दसरा चुकला तर भाव वाढणार, म्हणजे आणखी एक वर्ष थांबणं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, तिच्या नावावर आजवर एकही धंदा नव्हता.

मुनीमजींनी दोन नियम सांगितले. बाजार उघडायच्या आधी वहीत लिहायचं: काय घेणार, कोणत्या भावाला, कशासाठी, आणि कोणत्या भावाच्या खाली गेलं की मुकाट्याने बाहेर पडायचं. या शेवटच्या भावाला स्टॉप लॉस म्हणतात. दुसरा नियम, वहीत खाडाखोड नाही. मी हसलो. शाळेच्या जनरल रजिस्टरात जन्मतारखेचा एक आकडा गिरवणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिसरा नियम माझा मीच घातला. प्रत्येक सौद्यामागे दलाली, कर वगैरे धरून तीनशे रुपये वजा करायचे. बहुतेक नवे लोक हा खर्च धरतच नाहीत, असं मी वाचलं होतं.

पहिल्या महिन्यात सहा सौदे केले. चार फायद्याचे, दोन तोट्याचे. खर्च जाऊन सहा हजार सातशे रुपये वर. मी वही बायकोला दाखवली.

"हे सहा हजार सातशे कुठं हायेत?"

"कागदावर."

"मग त्याची साडी पण कागदावरच आणा."

पण मला मजा येत होती. सकाळी उठून आधी वही. तेलंगणात पाऊस कसा आहे, सांगलीत आवक किती, परदेशातून मागणी कशी, हे मी वाचू लागलो. स्टाफरूममध्ये दोन तरुण शिक्षक मला विचारू लागले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी मला दाखल्यांशिवाय काही विचारत होतं.

सव्वीस मे, सोमवार. सातवा सौदा. कारण लिहिलं: पेरा कमी, जुना साठा कमी, भाव वाढणार. ऑगस्टचा वायदा चौदा हजार पन्नासला घेतला, अर्थात कागदावर. स्टॉप लॉस तेरा हजार सातशे पन्नास.

त्याच आठवड्यात मुनीमजींचा फोन आला. खरेदीदार क्विंटलला चौदा हजार म्हणतो आहे, आणायची का? बायको म्हणाली, "आणा. टेम्पो सांगा. चौदा गुणिले अठरा किती?"

"दोन लाख बावन्न हजार."

"मशीन निघून बारा हजार उरतात. वरच्या पत्र्याला होतील. बास झालं की."

मी म्हणालो, थोडं थांबू. पंधरा होईल. तिने विचारलं, कशावरून? मी वही उघडून तिला कारणं वाचून दाखवली. तेलंगणा, सांगली, परदेश. तिने ती शांतपणे ऐकली. आकड्यांच्या बाबतीत ती माझ्यावर विश्वास ठेवते. घरात तेवढ्याच बाबतीत ठेवते. म्हणाली, "तुमाला कळतंय तर थांबा."

पाच जूनला वायदा तेरा हजार सातशेला आला. वही उघडून मला फक्त एक ओळ लिहायची होती: तेरा सातशे पन्नासला बाहेर, तोटा पंधरा हजार, खर्च तीनशे. मी पेन उचललं. मग मनात आलं, ही तात्पुरती घसरण आहे. तेरा हजार सातशे पन्नासमधल्या सातावर मी चार गिरवला. तेरा हजार चारशे पन्नास झाले.

पैसे खरे नव्हते. कुणी पाहत नव्हतं. तरीही मी गिरवला. याचं मला आजही नवल वाटतं. कुणाच्या जन्मतारखेचा आकडा मी कधी गिरवला नाही, एका पालकाने हजाराची नोट पुढे केली होती तेव्हाही नाही. आणि इथं, जिथं कुणाचंच काही जात नव्हतं असं मी समजत होतो, तिथं गिरवला.

मग शाळा उघडली. दाखले, प्रवेश, पुस्तकांचं वाटप. वही कपाटात गेली. बायको दर आठ-दहा दिवसांनी विचारायची, "भाव काय म्हणून राहिला?" मी म्हणायचो, "बघू."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुनीमजी आले. बैलांची शिंगं रंगवलेली तशीच होती. बायकोने आदल्या दिवशीच्या पुरणपोळ्या वाढल्या आणि स्वतः समोर बसली. मुनीमजींनी वही मांडीवर घेतली. सहा सौदे पटापट उलटले. सातव्याला बोट थांबलं.

"हा चार कुणी काढला?"

"मी."

"खाली सात हाय."

"हो."

 ऑगस्टचा वायदा तीन दिवसांपूर्वीच संपला होता, बारा हजार तीनशे पन्नासला. त्यांनी आकडा मलाच काढायला लावला. सतराशे गुणिले पन्नास, पंच्याऐंशी हजार. आधीचा फायदा आणि खर्च धरून एक लाख चाळीस हजारांचे एकसष्ट हजार चारशे उरले होते.

मी म्हणालो, "बरं झालं कागदावर होतं. शिकलो. खरा एक रुपया गेला नाही."

मुनीमजींनी चष्मा काढला. "वहीत पन्नास क्विंटल घेतली. तवा घरात किती होती?"

"अठरा."

"म्हंजे अडुसष्ट क्विंटलवर तुमी तेजी धरून बसले."

"पन्नास तर कागदावरची."

"व्हय. पर चौदाचं गिऱ्हाईक म्या दिलं तवा अठरा काहून न्हाई विकली?"

 मला उत्तर माहीत होतं, त्या क्षणीच कळलं होतं. वहीत मी तेजी लिहिली होती. हळद विकली असती तर माझ्याच हाताने वही खोटी ठरली असती. कागदावरचा सौदा खरा वाटावा म्हणून मी खोलीतली हळद धरून ठेवली होती. सरावाला पैसे लागत नाहीत असं मी एवढे दिवस समजत होतो, आणि तो सराव भिंतीपलीकडच्या पोत्यांवर चालू होता.

"आमच्याकडचे समदे हीच चूक करतात," मुनीमजी म्हणाले. "हळद ओळखता येते म्हणून हळदीचाच वायदा घेतात. अवो, शेतकरी बेणं लावलं त्याच दिशी तेजीत बसतो. भाव पडला तर त्याचं घर पडतं. त्यानं वायद्याच्या बोर्डावर आणखी घ्यायची काय गरज? झालंच तर तिथं थोडी विकून ठेवावी, म्हंजे एकीकडं गेलं तर दुसरीकडं सापडंल."

"न पाहिलेली हळद आधी विकायची?"

"मनाला पटत न्हाई, ठाव हाय. म्हणून तर समदे घेतात."

हे मात्र मला फार आवडलं. चार महिने ज्या प्रश्नामागे होतो त्याचा एक धागा हाती आला होता. पडद्यावर कांडी न मोडता भाव ठरवणाऱ्यांत असेही लोक असणार, ज्यांच्या घरात माल आहे आणि झोप लागावी म्हणून ते विकून ठेवतात. मी वहीच्या मागच्या पानावर ते लिहू लागलो.

"नंतर लिव्हा," बायको म्हणाली. "माझी हळद आज कितीला जाईल?"

एक सप्टेंबरला, सोमवारी, टेम्पो वसमतला नेला. चार महिने वाळून अठराची सतरा क्विंटल ऐंशी किलो भरली. खरेदीदाराने कांडी मोडली, कट् झालं, बोली बारा हजार तीनशेवर थांबली. दोन लाख अठरा हजार नऊशे चाळीस. मशीनला एकवीस हजार साठ कमी.

संध्याकाळी मी मेच्या आकड्यातून सप्टेंबरचा आकडा वजा केला. तेहतीस हजार साठ. वही बायकोसमोर ठेवली आणि म्हणालो, "एवढे माझ्याकडून. फरकाच्या पैशातून."

तिने आकडा दोनदा वाचला. "सौद्यामागं तीनशे लावता न्हाई का तुमी?"

"ते सौदा केला तर. इथं मी सौदा केलाच नाही, नुसता थांबलो."

"न्हाई विकली, हा सौदाच झाला की. लावा तीनशे."

मी तीनशे लावले. आजही स्टाफरूममधले तरुण विचारतात की सुरुवात कशी करावी, तेव्हा मी त्यांना आधी घरात काय काय पडून आहे ते विचारतो. सोनं, धान्य, प्लॉट, कुणाचा तरी शब्द. जे विकलं नाही ते आज पुन्हा विकत घेतल्यासारखंच आहे, हे तिने मला त्या तीनशे रुपयांत शिकवलं. दोघांपैकी एकाने ऐकून सोडून दिलं. दुसऱ्याने एक वही आणली आहे, आणि त्याची खाडाखोड मी तपासतो.

माझीही दुसरी वही चालू आहे. उरलेल्या रकमेला अजून हात लावलेला नाही. एका सौद्याची अनामत तिच्यात बसते, पण ती देऊन जवळपास काहीच उरत नाही, आणि किती दिवस टिकाल हा मुनीमजींचा प्रश्न मी आता रोज आधी मांडतो.

दोन सप्टेंबर, मंगळवार. धनादेशाने दिले: तेहतीस हजार तीनशे साठ रुपये. माझ्या बायकोला. तिने वहीत सही करून पोच दिली आणि सहीखाली एक रेघ मारली, पुढे कुणी काही गिरवू नये म्हणून.