मंजुळाच्या नावाचे तांदूळ

हे मी कुणालाच सांगितलं नाही. पोरीला नाही, चर्चच्या पाळकाला नाही. देवाला सांगितलं म्हणावं तर — त्याच्यापुढं पण मी गोल गोल फिरतो. माझी शाळा चौथीपर्यंत. लिहिताना हात अडतो. पण बोलायला गेलो की तोंड अडतं, त्यापेक्षा हे बरं.

माझी बायको मंजुळा. भाताला लोंब्या आल्या होत्या तेव्हा गेली. आता मी सातपूरला पोरीकडे असतो. इथल्या मंडळीत लोक मला मान देतात. आजोबांनी सुरगाण्याच्या डोंगरात छळ सोसला, विश्वास नाही सोडला — असं म्हणतात. उभं राहून साक्ष द्या म्हणतात. मी घसा धरतो. घशाला काय झालंय? काहीच नाही.

छळ झाला, ते खोटं नाही. आम्ही दोघांनी बाप्तिस्मा घेतला आणि पहिल्याच वाघबारशीला वाजलं. आमच्याकडे दिवाळीच्या तोंडावर गुराखी घरोघर तांदूळ मागतात, शिवेवरच्या वाघदेवापुढं कोंबडं कापतात आणि सगळं गाव तिथंच जेवतं. वाघानं गुरांना हात लावू नये म्हणून. मंजुळानं गुराख्यांना ओट्यावर बसवून भाकर खाऊ घातली, पण तांदूळ दिले नाहीत. "पोटाला मागा, सूप भरून देते. देवाला म्हणून नाय." त्याच थंडीत बिबट्यानं कुणाची शेळी नेली. कुणामुळं? मंजुळामुळं.

हापशावर बायका तिचा हंडा मागं सरकवायच्या. "तुझ्या येशूला सांग ना पाणी भरायला!" ती म्हणायची, "तो तर स्वतःच विहिरीवर एका बाईकडं पाणी मागत होता. राहील उभा माझ्यामागं रांगेत." सरकवणाऱ्या पण हसायच्या. हंडा मात्र मागंच.

मग आवणीला कुणी आलं नाही. आमच्याकडे भात लावायचा तर माणसाला माणूस — आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. आम्ही दोघंच चिखलात वाकलो. ती गात होती. मी शिव्या देत होतो — गावाला नाही, तिला. मनातल्या मनात. मूठभर तांदळापायी हिनं मला गावातून उठवलं, असं वाटायचं. बाप्तिस्मा माझा पण झाला होता, हे आठवत नव्हतं का? चांगलं आठवत होतं.

पुढच्या वाघबारशीला — आता सांगतोच — ती लाकडाला गेली होती. मी कणगीतले तांदूळ टॉवेलात बांधले आणि सोमादादाकडे नेले. सोमादादा गावचा जुना कारभारी, वाघदेवाचं सगळं तोच बघतो. माझे म्हणून दिले असते तर पाप निदान माझंच राहिलं असतं. पण गावाचा राग माझ्यावर नव्हता ना, तिच्यावर होता. मी म्हणालो, "मंजुळानं पाठवलेत. तिला लाज वाटते, तिच्यापाशी विषय काढू नका."

हंडा सरकवायचं थांबलं. आवणीला खाचर भरून माणसं आली. मंजुळा बांधावर बसून रडली. रविवारी सभेत उभी राहिली आणि साक्ष दिली — मी एक दाणा दिला नाही, तरी देवानं गावाचं मन फिरवलं. लोक आमेन म्हणाले. मी पण म्हणालो. मोठ्यानं.

त्यानंतर दर वाघबारशीला मी टॉवेल बांधत राहिलो.

शेवटी पोटाच्या दुखण्यानं ती पडून राहिली. एकच मागितलं — मला जाळू नका, मातीत ठेवा, कुणीतरी गाणं म्हणा. मी हो म्हणालो.

ती गेली त्या सकाळी पाळकाची जीप घाटात होती. गाव आधी आलं. भांडायला नाही हो — रडत आलं. हापशावरच्या त्याच बायकांनी तिला आंघोळ घातली. पोर म्हणाली, आई पुरायला सांगून गेलीय. सोमादादा म्हणाला, "अगं पोरी, ती आमचीच होती. दर वर्षाला तिचे तांदूळ आले. गाव तिला परक्यावानी नाय पाठवायचं." पोर माझ्याकडं बघायला लागली. तांदूळ? कसले तांदूळ? सोमादादानं पण माझ्याकडं बघितलं. "तूच सांग रे. तिचेच ना?"

एक शब्द लागत होता. तोंडात होता.

मी म्हणालो, "तिचेच."

पाळक पोचले तेव्हा चिता पेटलेली होती. भगत आपलं काम करत होता. पाळक लांब बांधावर उभे राहिले. गाणं कुणी म्हटलं नाही. मी पण नाही.

पोरीनं मला कधी काही विचारलं नाही. पण आईची साक्ष ती लोकांना कौतुकानं सांगायची, ते त्या दिवसापासून बंद झालं. तिला वाटतं, आई सभेत खोटं बोलली. एका घरात राहतो आम्ही. रोज माझ्या ताटात ती वाढते, आणि मी जेवतो.

यंदा वाघबारशीला सोमादादाचा फोन आला. म्हातारा झालाय, ओरडून बोलतो. म्हणाला, "काळजी नको करू. मंजुळाचे तांदूळ मी घातले रे, माझ्या घरचे. तिचं चुकवायचं नाय."

पोर समोरच भाजी निवडत होती.

मी म्हणालो, "बरं केलंस, दादा."