लाल रिबन बांधलेला फणस

सोपानकाकांनी पाटी माझ्या तोंडासमोर धरली. त्यावर खडूनं लिहिलं होतं, ‘मेली का?’

ओट्यावर जुना पेपर अंथरला होता आणि त्यावर मूठभर फुलं. बोटाएवढी लांब, काळी पडलेली, काहींवर बुरशीची राखाडी लव. पंधरा दिवस झाले, काका रोज सकाळी फणसाखाली वाकून ही गोळा करत होते. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज गेलेला. नळीतून पातळ अन्न जायचं. शर्ट अंगावर नुसता लटकायचा. पण फुलं वेचायला माणूस तयार.

“ऐकतच न्हाईत,” त्यांच्या पत्नी, सुमनकाकू म्हणाल्या. “गोळी चुकली तर चालतंय, फुलं चुकत न्हाईत.”

मी शेतकऱ्यांच्या एका कंपनीत फील्ड ऑफिसर आहे. पाथरी रोडच्या गावांत आमच्या सभासदांचे पपईचे प्लॉट आहेत. ते बघायचे, रोग-कीड ओळखायची, काय करायचं ते सांगायचं, हे माझं काम. काकांचा मुलगा मिलिंद आमचा सभासद. मी त्या दिवशी त्याच्या पपईसाठी आले होते. फणस माझ्या यादीत नव्हता. परभणी जिल्ह्यात तो कुणाच्याच यादीत नसतो.

काका एसटीत ड्रायव्हर होते. कोकणच्या गाडीवर असताना एकदा अख्खा फणस घेऊन आले. गरे घरानं खाल्ले, आठळ्या काकांनी घरामागं पेरल्या. तीन जगल्या. आमची काळी माती पावसाळ्यात पाणी धरून बसते, त्यात फणसाची मुळं कुजतात. म्हणून काकांनी मुरूम आणून तीन उंच ओटे केले, त्यावर रोपं लावली. उन्हाळ्यात तुराट्यांचा आडोसा करायचे. गावाला तेवढीच करमणूक. “काय ड्रायवर, कोकण कुठवर आलं?” असं लोक येता-जाता विचारायचे. “यायलंय की, घाटात हाय,” असं काका सांगायचे. सहा वर्षं हा एकच विनोद चालला. आवाज गेल्यावर मात्र लोकांनी विचारायचं सोडलं, आणि काकूंच्या मते काकांना आजारापेक्षा तेच जास्त लागलं.

यंदा जानेवारीत तिन्ही झाडं एकदम फुलली. आणि फुलं काळी पडून गळायला लागली.

“काका, झाडं ठणठणीत आहेत,” मी म्हणाले. “ही नर फुलं. यांचं काम परागकण द्यायचं. ते झालं की काळी पडतात, बुरशी येते आणि गळतात. दरवर्षी असंच होणार. कुणी फवारा मारायला सांगितलं तर हाकलून द्या त्याला.”

काकांनी पाटी पुसली. ‘मादी कधी?’

आता हे जरा समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावरच आहे. फणसात नर आणि मादी फुलं एकाच झाडावर येतात. नर फुलं बारक्या फांद्यांच्या शेंड्याकडं, ती आधी येतात. मादी फुलं मागून, आणि बहुतेक थेट खोडावर किंवा जाड फांदीवर. फणस धरतो तो मादीला. पण आठळीपासून आलेल्या कोवळ्या झाडाला पहिल्या बहरात पुष्कळदा नुसती नरच येतात. एक-दोन वर्षं असं चालतं, मग मादी दिसते.

हे सगळं मी काकांना सांगितलं आणि वर म्हणाले, “यंदा नाही तर पुढच्या वर्षी.”

म्हणाले आणि जीभ चावली. मिलिंदनं मला रस्त्यावरच सांगितलं होतं, की डॉक्टरांनी पुढच्या दिवाळीचं नावसुद्धा काढू नका म्हणून सांगितलंय. काकूंनी पदर तोंडाला लावला. काका शांतपणे लिहीत होते. ‘जूनपर्यंत हाय मी.’ पाटी पुसून परत, ‘खायचा न्हाई. वास घ्यायचाय.’

माझ्याच्यानं नुसतं उभं राहवेना. मी गुडघ्यावर बसले आणि एकेक खोड बुंध्यापासून वर तपासायला लागले. पहिलं झाड, काही नाही. दुसरं, काही नाही. तिसरं पपईच्या बांधाला लागून होतं, सगळ्यांत बारकं, पोटरीएवढं खोड. त्याला गुडघ्याच्या उंचीवर एक कळी होती. अंगठ्याएवढी. देठ जाड, देठाच्या टोकाशी हिरवं कडं, अंगावर बारीक खरखर. नर फूल गुळगुळीत असतं आणि बारक्या देठावर लटकतं. ही खोडाला घट्ट धरून होती.

“काका! इकडं या आधी! हात लावा इथं!”

काका मिलिंदच्या खांद्याला धरून वाकले. बोटाच्या टोकानं कळीला हात लावला. मग हसले. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. काकू हसता-हसता रडायला लागल्या. “बघा, पोरीसारखं लाजायलेत,” म्हणाल्या. काकांनी पाटीवर लिहिलं आणि सगळ्यांना फिरवून दाखवलं. ‘कोकण आलं.’

“जूनमध्ये येईल का हो मॅडम?” मिलिंदनं मला बाजूला घेऊन विचारलं.

“टिकली तर येईल. दोन आठवड्यांनी परत बघते.”

आणि ती कळी परत सापडावी, गुराढोरांचा धक्का लागू नये, घरच्यांचं लक्ष राहावं, म्हणून मी बॅगेतून रिबन काढली आणि कळीच्या वर खोडाला बांधली. लाल रिबन. बॅगेत तीच होती.

पपईत लाल रिबनीला एक अर्थ असतो. मिलिंदच्या प्लॉटमधली जात अशी, की नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. नर झाडाला फुलांच्या लांब माळा लोंबतात, फळ धरत नाही. परागासाठी थोडी नर झाडं ठेवायची, बाकी काढून टाकायची. कुठली काढायची ते मी ठरवते आणि त्यांना लाल रिबन बांधते. दुसऱ्या दिवशी मजुरांची टोळी येते आणि रिबन बघून झाडं तोडते. त्या सकाळी मी ओळीनं रिबनी बांधून मगच काकांच्या ओट्यावर आले होते.

टोळीची मुकादम शांताबाई. कामाला वाघ. मागच्या वर्षी दुसऱ्या एका प्लॉटमध्ये तिनं रिबन बांधलेली दोन झाडं तशीच सोडली. का, तर चांगली तरणीताठी होती, जीव झाला नाही म्हणे. मी सगळ्या बायांसमोर तिला झापलं. माझे शब्द मला पाठ आहेत. “शांताबाई, डोकं चालवायचं नाही. डोकं मी चालवलेलं आहे. तुम्ही फक्त रिबन बघायची.”

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी ऑफिसात रिपोर्ट भरत होते. शांताबाईचा फोन आला.

“झालं मॅडम. सगळी काढली. पपया घटकेत झाल्या, ते बांधावरचं लय चिवट होतं बघा. कोयता लागंना. कुऱ्हाड आणावी लागली. चिकानं हात भरले सगळ्यांचे.”

“कुठलं बांधावरचं?”

“ते घरामागचं. तुमची रिबन होती की.”

“घरात कुणी नव्हतं का? विचारलं नाहीत कुणाला?”

“कुणीच न्हाई. काकाला घेऊन परभणीच्या दवाखान्यात गेलेत सगळे. मला वाटलं बी मॅडम, एवढं जपलेलं झाड. पण रिबन तुमचीच. मागच्या टायमाला तुमी...” मग घाबऱ्या आवाजात म्हणाली, “चुकलं का काय?”

मी म्हणाले, “तुमचं नाही चुकलं.” आणि फोन ठेवला.

आमच्या मॅनेजर साहेबांना सांगणं भाग होतं. सभासदाच्या शेतात आमच्या टोळीनं केलेलं नुकसान. साहेबांनी मान वर न करता ऐकलं.

“एकच झाड ना? फणसाचं?”

“हो सर. पण त्या माणसाचं...”

“सांगा की झाडाला रोग होता. बाकी दोनला लागू नये म्हणून काढलं. टेक्निकल कारण द्या, लोक ऐकतात.”

“सर, कालच मी त्यांना कळी दाखवली. हात लावायला लावला.”

“मग मजुरांची चूक म्हणा. मुकादम बदलू आपण. तुमचं नाव मध्ये घेऊ नका, कंपनीला त्रास होतो.”

किती सोपं! खरं सांगते, गाडी चालवताना त्यातलं एक वाक्य मी तोंडात घोळवून बघितलं. शांताबाईनं न विचारता तोडलं. वाक्य खोटंही नव्हतं. गावाच्या फाट्यापर्यंत ते माझ्याबरोबर आलं.

मी पोचले तेव्हा ती मंडळी दवाखान्यातून आलेली होती. झाड आडवं पडलं होतं, पानं अजून ताजी. शांताबाई बांधावर बसून डोकं हातात धरून रडत होती. काका खुर्चीत. मिलिंद माझ्याकडं चालत आला.

“मॅडम, रोग होता का त्याला?”

“नाही.”

“मग रिबन का बांधली?”

“कळीची खूण म्हणून. टोळी येणार हे मला माहीत होतं. लाल बघितली की ती तोडणार हेही. मीच शिकवलंय त्यांना. बांधताना मनातच आलं नाही. माझी चूक आहे.”

“चूक?” मिलिंदचा आवाज चढला. “सहा वर्षं ह्या माणसानं घागरीनं पाणी घातलंय. तीन झाडांत एकाला आली ती, अन् तुमी नेमकं तेच दाखवून दिलं तोडायला! तुमी शिकलेल्या ना?”



काकांनी हात वर करून त्याला थांबवलं आणि पडलेल्या झाडाकडं बोट केलं. मला कळलं नाही. काकूंना कळलं. त्यांनी विळ्यानं खोडाच्या सालीसकट ती कळी काढली, चीक पदराला पुसला आणि काकांच्या तळहातावर ठेवली. काकांनी ती नाकाशी नेली. कोवळ्या कळीला वास कसला? हिरवा, कच्चा, पानासारखा. तरी बराच वेळ नाकाशी धरली.

मग त्यांनी पाटी मागितली. मला वाटलं, आता माझी पाळी. त्यांनी लिहिलं आणि पाटी माझ्याकडं केली.

‘शांताला कामावरून काढू नका.’

मी मान हलवली. “नाही काढणार काका.” तिथंच सगळ्यांसमोर रडले. नोकरीत असं रडायचं नसतं, पण रडले.

काका जूनपर्यंत टिकले नाहीत. एप्रिलच्या उन्हात गेले. मला कुणी कळवलं नाही. काकांच्या श्रद्धांजलीची, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाची पत्रिका मिलिंदच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर दिसली. मी गेले. मागच्या ओळीत बसले, बुद्धवंदना झाली, जेवायला न थांबता निघाले. मिलिंदनं पपईची पुढची लागवड केली नाही आणि आमच्या कंपनीतून नाव काढून घेतलं. साहेबांना मी खरं काय ते लिहून दिलं होतं. माझं एक इन्क्रिमेंट थांबलं. शांताबाई कामावर राहिली.

दोन वर्षांनी जूनमध्ये काकूंचा फोन आला.

“मॅडम, फणस आलाय एक. पिकलाय का कच्चा, काय कळंना. इथं कुणाला इचारावं? येऊन बघता का?”

“येते काकू. लगेच येते.”

“या,” काकू म्हणाल्या. “ती बॅग तेवढी गाडीलाच राहू द्या.”

मी बॅग ऑफिसातच ठेवून गेले.

उरलेल्या दोनांपैकी एका झाडाला, जमिनीपासून हातभर वर, एकच फणस होता. मी बोटानं वाजवून बघितला. कच्चा फणस ठणठण वाजतो, पिकलेला भदभद. काटे दाबले, मऊ लागले. वास तर दारातच आला होता. “पिकला काकू. आजच काढा.” मिलिंदनं काढला. माझ्याशी बोलला नाही, पण सुरीला चीक लागू नये म्हणून तेल आणून माझ्या हातात दिलं.

काकूंनी फणस फोडून आधी काकांच्या फोटोखाली ठेवला. तासभर कुणीही हात लावला नाही. घर वासानं भरून गेलं, रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून दारात डोकावायला लागली. एक म्हातारा म्हणाला, “आलं का कोकण?” काकू म्हणाल्या, “आलं. उशिरा आलं.” मग त्यांनी पहिले गरे एका डब्यात भरले आणि शांताबाईच्या घरी पाठवले.

आता माझ्या बॅगेत दोन रंग असतात. काढायच्या झाडाला लाल, ठेवायच्या झाडाला पांढरा, आणि टोळी येणार असेल त्या दिवशी पपई सोडून कशालाही काहीही बांधत नाही. शांताबाईच्या टोळीला मी नव्यानं सांगितलं, की डोकं चालवायचं. रिबन असली तरी झाड वेगळं दिसलं, तर हात थांबवायचा आणि मला फोन करायचा. आत्तापर्यंत असे चार फोन आले. चारही फालतू निघाले, साधी पपईचीच झाडं होती. चारही वेळा मी गाडी काढून बघायला गेले.