भरल्या गाडीचं माप

"पोती टाकून बसवलं का न्हाई, तेवढं सांगा."

"तुटलं ना? झालं. दुसरं बसवू."

"मी काय विचारून राहिले, अप्पा?"

"आन मी काय सांगून राहिलो? इथं सगळ्या गाड्या पोत्यावरच बसवत्यात. भरल्या गाडीचं माप घ्यावं लागतं."

"मला पोती न्यायची न्हाईत तिथं! भोकरच्या माळावर रिकामी पळवायची हाय. रविवारी!"

अक्षराच्या हातात तुटलेलं ब्रॅकेट होतं. मागच्या चाकाचा शॉकॲब्सर चासीला धरून ठेवणारा हा लोखंडी तुकडा सकाळी सरावाला ओढ्यात उतरताना वेल्डिंगसकट उचकटला होता. ती तो बापाच्या नाकासमोर धरून उभी. भीमाशंकर मात्र तो तुकडा सोडून दुकानातल्या सगळ्या वस्तूंकडे बघत होता. पाना उचलला, ठेवला. पुन्हा उचलला.

"मागच्या हौद्याच्या कोपऱ्यात सोयाबीनचे दाणे हायत," ती म्हणाली. "मी काल लातूरला रबरी बुश आणायला गेले, तवा तुम्ही शेजारच्या आडतीतली पोती आणून भरली. पाटे दबले, गाडी खाली बसली, आन तशीच बसलेली असताना ब्रॅकेट मारलं. पोती काढल्यावर गाडी वर उठली की! शॉकॲब्सरचा नवा दांडा अर्धा आधीच बाहेर. खड्ड्यात चाक लोंबलं तर आणखी किती बाहेर येणार तो? संपला. मग सगळ्या चाकाचं वजन ह्या वेल्डिंगच्या टाक्यावर."

"ओरडू नको. गिऱ्हाईक बसलंय."

"कुठं बसलंय?"

बाकावर कुणीच नव्हतं.

अहमदपुरात नांदेड रस्त्याला भीमाशंकरचं कमान-पाट्याचं, म्हणजे गाड्यांच्या स्प्रिंगा बसवायचं, दुकान. उदगीरकडचं गाव सोडून, वाट्याची जमीन भावाला कसायला देऊन तो इथं आला, ते एक ऐरण आणि उसनी भट्टी घेऊन. आता टेम्पो, पिकअप, उसाच्या ट्रॉल्या, सगळं त्याच्या दारात येऊन वाकतं. माणूस तसा गोड. पण बसणं त्याला माहीत नाही. सकाळची लिंगपूजा होते न होते तोच बाहेर, जेवताना दोनदा उठून रस्त्यावर बघून येणार. आणि 'न्हाई' हा शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकलेला नाही. काम करायचं नसलं की "बघू" म्हणतो आणि गाडी तशीच उभी ठेवतो. मालक कंटाळून आपणच घेऊन जातो.

अक्षराला तर तो कशालाच नाही म्हणाला नव्हता. ती गाडी शिकली, मार्केट यार्डातली भाडी मारू लागली, त्या कमाईतून चारी चाकं ओढणारी जुनी पिकअप घेतली, आलेलं स्थळ परत पाठवलं. सगळ्याला "बघू". माळावरच्या शर्यतीचं सांगितलं तेव्हाही "बघू" म्हणाला आणि आपणहून तिच्या गाडीखाली शिरला. तिला केवढा आनंद झाला होता!

उलटलेल्या गाड्याही त्याच्याकडेच येतात. पाट्याला हात लावायच्या आधी तो केबिनमध्ये वाकून बघतो. आत एखादी चप्पल राहिलेली असली तर काढून, पुसून, भिंतीकडेला ठेवतो. कुणी न्यायला येतं, कुणी येत नाही.

"आता नांदेडला नेते गाडी," अक्षरा म्हणाली. "तिथला वेल्डर संध्याकाळपर्यंत मारून देतो म्हणलाय."

"नांदेडला?"

"हाव."

"नांदेडचे ते लोकं... वरवरचा टाका मारत्यात. रंग फासत्यात वरून."

"रंग तर तुम्ही बी फासला."

मागच्या दारातून गुरम्मा आली. घर दुकानाच्या पाठीमागेच, म्हणजे सगळं ऐकूनच आली. "साकु!" ती ओरडली. रागात आली की तिची माहेरची कानडी वर येते. "पुरे करा दोघं! आन तुम्ही हो, दुसऱ्याच्या टाक्यावर पोरगी बसवणार का? तुमचं दुकान काय बंद पडलंय?"

भीमाशंकरनं पाना फेकला आणि ग्राइंडर ओढला.

ठिणग्या उडाल्या. जुन्या वेल्डिंगचे दात घासून चासी चकचकीत झाली. अक्षरा जॅक लावायला वाकली, तर त्यानं तो तिच्या हातातून घेतला. चाकाखाली नाही, चासीखाली लावला. जॅकचा दांडा मारत गेला. गाडी उचलली गेली, चाक मोकळं लोंबलं. लोंबत्या चाकाला शॉकॲब्सर अडकवून त्यानं त्याचा दांडा पूर्ण ताणला, मग दोन बोटं आत सोडला. ब्रॅकेटची जागा खडूनं आखून एकच टाका मारला. मग दुसरा जॅक चाकाखाली घेऊन ते वर, पार चासीखालच्या रबराला टेकेपर्यंत दाबलं. दांडा आत कुठं अडत नाही ना, बोट फिरवून बघितलं. पुन्हा खाली. पुन्हा वर. तेव्हा कुठं पूर्ण वेल्डिंग. दुसऱ्या बाजूचंही काल बसवलेलं, न तुटलेलं ब्रॅकेट कापून काढलं आणि तेही तसंच.

अक्षरा आधी हातात बॅटरी धरून बसली होती. हळूहळू तिचा हात खाली आला.

"उजेड दाखव की."

"अप्पा, तुम्हाला हे येतंय."

तो गाडीखालून सरपटत बाहेर आला. कपाळावरची विभूती घामानं भुवईत उतरली होती.

"रिकामी गाडी, लोंबतं चाक, दोन बोटं जागा. मी एक शब्द सांगितला न्हाई. म्हणजे काल बी येत होतं."

"चहा ठेव गं," तो गुरम्माला म्हणाला.

"चहा न्हाई ठेवत," गुरम्मा म्हणाली. "पोरगी काय म्हणून राहिली ते ऐका."

"काल पोती कामून टाकली, अप्पा? सवयीनं? का गाडी ओढ्यातच मोडावी, मी माळावर पोचूच नये म्हणून?"

भीमाशंकर हात पुसत राहिला. एक हात झाला, दुसरा झाला, पुन्हा पहिला.

"मला ओढ्यात काही झालं असतं तर?"

त्याचा हात थांबला.

"न्हाई म्हणायचं असंल तर न्हाई म्हणा. भांडू आपण. पण तोंडानं म्हणा, टाक्यानं नको." ती त्याच्या समोर येऊन उभी राहिली. "रविवारी जाऊ का नको?"

त्यानं फडकं बोनेटवर ठेवलं. ते घसरून खाली पडलं. उचललं नाही. बायकोकडं बघितलं, गाडीकडं बघितलं, आणि चपलेत पाय अर्धेच सरकवून भर दुपारच्या नांदेड रस्त्यावर चालू लागला.