गोलमागून दिसणारं मैदान

फोन आला तेव्हा मी मैदानावर फक्की मारत होतो. रविवारी तळोद्याच्या संघाशी आमचा सामना होता आणि पेनल्टीच्या चौकोनाची एक बाजू आखायची राहिली होती. फोनवर मोठा भाऊ होता. "घर ये. तुन्ही वहिनी गई," एवढंच बोलला आणि त्यानं फोन ठेवला. मी फक्कीचा डबा खाली ठेवला, पुन्हा उचलला, राहिलेली बाजू पूर्ण केली आणि मग घराकडे निघालो. असं का केलं हे मला आजही नीट सांगता येत नाही. विमल वहिनींना मात्र ते पटलं असतं. काम अर्धवट टाकून आलेल्या माणसाला त्या आधी पाणी देत आणि मग परत पाठवत. सकाळी चहाचं आधण ठेवता ठेवता त्या खाली बसल्या होत्या आणि डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं... आता काही आठवडे उलटून गेले. सामने पुन्हा सुरू झाले. त्यांच्याबद्दल लिहायचं तर फुटबॉलबद्दल लिहावं लागणार, कारण शेवटची काही वर्षं आमच्या घरात दुसरा विषय फारसा निघतच नव्हता.

कळसाडीच्या आमच्या संघाचा मी व्यवस्थापक. गाडी ठरवणं, जर्सी धुऊन आणणं, लिंबं, बर्फ, पट्ट्या, हवेचा पंप हे सगळं माझ्याकडे. खेळ कसा खेळायचा ते आमचे प्रशिक्षक बघतात. ते शाळेत खेळाचे शिक्षक आहेत आणि गाव त्यांना सर म्हणतं. वहिनींचा या कशाशी संबंध नव्हता. त्यांचा मुलगा निखिल संघात उजव्या बाजूचा बॅक म्हणून खेळू लागला आणि त्या सामन्याला येऊ लागल्या. मैदानाच्या दोन्ही लांब बाजूंना पुरुषांच्या मोटरसायकली लागलेल्या असतात. तिथं तंबाखू असते, शिव्या असतात, बायकांनी तिथं बसण्याची रीत नाही. म्हणून वहिनी आणि गल्लीतल्या आणखी चारपाच जणी गोलच्या मागे, जाळीपासून जरा अंतर ठेवून, सतरंजी टाकून बसायच्या. पहिल्या वर्षी आम्हाला वाटलं की बिचाऱ्यांना काही दिसत नसेल. मी एकदा बाजूला खुर्च्या टाकून देतो म्हणालो, तर वहिनींनी मलाच वेड्यात काढलं.

त्यांचं म्हणणं असं होतं की कापसाच्या शेतात बांधाच्या बाजूनं चालत गेलं तर नुसती झाडं दिसतात. ओळीच्या तोंडाशी उभं राहिलं की लगेच कळतं, ओळ कुठे वाकडी गेली, कुठे तूट पडली. मैदानाचंही तसंच. बाजूला उभे असलेले तुम्ही सगळे चेंडूबरोबर माना हलवता. गोलमागून चेंडू धड दिसत नाही, पण माणसं दिसतात, आणि माणसांच्या मधली रिकामी जागा तर फारच चांगली दिसते. हे ऐकल्यावर सर एका सरावाच्या दिवशी खरोखर गोलमागे जाऊन उभे राहिले. परत आले आणि पुढच्या सामन्यापासून मध्यंतरात ते सतरंजीकडे एक चक्कर टाकू लागले. पुरुषांच्या बाजूनं मग टोमणे यायचे, की सरांची वरच्या ऑफिसात हजेरी आहे. वहिनी तिथूनच उत्तर द्यायच्या, की तुम्ही बी या, चहा नाही मिळणार पण अक्कल मिळेल.

त्यांची आणखी एक ठाम पद्धत होती. त्या कायम आपल्या गोलच्या मागे बसत. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, तेव्हा वहिनीही सतरंजी झटकून, गुंडाळून, सगळ्या बायकांना उठवून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जात. एवढ्या उन्हात ही पायपीट कशाला, असं एकदा त्यांच्या जावेनं, म्हणजे माझ्या बायकोनं विचारलं. वहिनींचं उत्तर तयार होतं. दुसऱ्याच्या शेतातली तूट बघून आपल्याला काय करायचं? राखण आपल्या शेताची करायची.

त्यांचे अंदाज नेहमी बरोबर ठरत असं नाही, हेही सांगायला हवं, नाहीतर त्या स्वतःच मला टोकतील. प्रकाशा गावच्या मैदानावर एकदा पावसात सामना झाला. वहिनींचा आग्रह होता की चेंडू जमिनीवरूनच, जवळ जवळ द्यायचा. सरांनी ऐकलं. चिखलात चेंडू जागच्या जागी थांबत होता आणि समोरचे लांब फटके मारून आमच्या डोक्यावरून जात होते. सपाटून हरलो. परतीच्या वाटेवर गाडीत वहिनींनी पदराला लागलेला चिखल खरवडत शांतपणे सांगितलं, "आज मन्हं चुकनं." आणि पिशवीतून शेव काढून सगळ्यांना वाटली. चूक झाली की ती मोठ्यानं म्हणायची आणि पुढच्या कामाला लागायचं, हे मी आयुष्यात फार थोड्या माणसांत पाहिलं आहे. सामना जिंकल्यावर 'मी म्हटलं होतं ना' असंही त्या कधी म्हणाल्या नाहीत.

त्यांनी पाहिलेला शेवटचा सामना नंदुरबारला झाला. मध्यंतरापर्यंत आम्ही एका गोलनं पुढे होतो आणि नंतर पाठोपाठ दोन गोल खाऊन हरलो. दोन्ही वेळा चेंडू आमच्या उजवीकडून आत आला आणि मधोमध मोकळ्या उभ्या असलेल्या त्यांच्या खेळाडूनं तो जाळीत घातला. मधली जागा रायसिंगची. रायसिंग आमचा स्टॉपर, धडगावच्या वरच्या एका पाड्याचा, शहाद्याला कॉलेजात शिकतो, वसतिगृहात राहतो. घरी पावरी बोलतो, आमच्यात फारसं बोलतच नाही. दोन्ही गोलच्या वेळी तो आपल्या जागेवर नव्हता, हे बाजूला बसलेल्या सगळ्यांनी पाहिलं होतं. सामना संपल्यावर कोणीतरी त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालं की डोंगरातल्या माणसाला सपाटीवर उभं राहायला जमत नाही. त्यानं जर्सी काढून घडी घातली, माझ्या हातात दिली आणि सरांना सांगितलं की पुढच्या वेळी मला धरू नका.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या ओट्यावर बैठक बसली. सर, मी, गावातली तीन-चार वजनदार मंडळी आणि निखिल. रायसिंगला बसवायचं हे जवळपास ठरलंच होतं, त्याच्या जागी कोणाला घ्यायचं एवढीच चर्चा चालली होती. निखिल म्हणजे गावाचा लाडका. चेंडू घेऊन उजवीकडून तीरासारखा सुटतो आणि मोटरसायकलींचे हॉर्न वाजायला लागतात. त्याच्याबद्दल कोणी काही बोलणं शक्यच नव्हतं. वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या, कप ठेवले आणि आत जायच्याऐवजी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या.

"पाट फुटना एक बाजूले," त्या म्हणाल्या. "तो बांधाले धावना रायसिंग. अन् तुम्ही त्यालेच इचारतस, तू जागा कसाले सोडी?"

कोणाला लगेच कळलं नाही. सरांना कळलं असावं, कारण त्यांनी कप खाली ठेवला. एका वडीलधाऱ्यांनी हसत विचारलं, की मग पाट कोणी फोडला, तेही सांगून टाका.

"मन्हा आंडोरनी."

आंडोर म्हणजे मुलगा. निखिलचे कान लाल झाले. "माय, तुले फुटबॉलमधलं काय समजस?" तो म्हणाला.

"फुटबॉल नही समजस," वहिनी म्हणाल्या. "तू पुढे जास अन् माघारे येस नही, तेवढं दिसस."

मग त्यांनी दोन्ही गोल जसेच्या तसे सांगितले. निखिल चेंडू घेऊन पुढे गेला, तिकडे चेंडू समोरच्यांकडे गेला, आणि तो हात कमरेवर ठेवून तिथंच उभा राहिला. त्याची मागची जागा रिकामी. त्यांचा खेळाडू त्या रिकाम्या जागेतून घुसला. त्याला अडवायला मधून रायसिंग धावला, म्हणून मधली जागा उघडी पडली. पहिल्यांदाही तेच, दुसऱ्यांदाही तेच. बाजूनं बघणाऱ्याला रिकामी मधली जागा दिसते, ती का रिकामी झाली ते दिसत नाही. हे सगळं त्या आवाज न चढवता बोलल्या. स्वतःच्या मुलाबद्दल, गावच्या मंडळींसमोर, मुलगा समोर बसलेला असताना. निखिल चहा न घेता उठून गेला. बैठक काही न ठरवता उठली.

पुढचे काही दिवस निखिल आईशी बोलला नाही. घरी झोपायला यायचा, जेवायला मित्राकडे. वहिनी त्याच्या ताटाची भाकरी रोज करून ठेवायच्या आणि सकाळी तीच स्वतः दुधात कुस्करून खायच्या. मी एकदा म्हणालो, की एवढ्या चारचौघांत बोलायला नको होतं, मला एकट्याला सांगितलं असतं तरी चाललं असतं. त्या म्हणाल्या, रायसिंगला चारचौघांतच बोलले ना सगळे? मग त्याचं निस्तरणंही चारचौघांतच व्हायला हवं. पुढे म्हणाल्या, "भाऊ, रायसिंगले काढू नको. निखिलले बी काढू नको. दोन्हीसले एकमेकांकडे पाहाले सांग." आमचं ते शेवटचं बोलणं. नंतरच्या सकाळी मी मैदान आखायला गेलो...

रायसिंग अंत्ययात्रेला आला होता. वसतिगृहातली आणखी दोन मुलं बरोबर घेऊन, सगळ्यांच्या मागे उभा होता. सगळं आटोपल्यावर निखिल मागे गेला आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसला. रायसिंगही खाली बसला. तेरावं झाल्यावर रायसिंगची घडी घातलेली जर्सी माझ्याकडून निखिलच घेऊन गेला आणि शहाद्याला जाऊन देऊन आला.

तळोद्याशी पुढे ढकललेला सामना त्यानंतरच्या रविवारी झाला. मी त्या दिवशी पहिल्यांदा गोलमागे उभा राहिलो. निखिल पूर्ण पहिला हाफ मधल्या रेषेपलीकडे गेलाच नाही. खांबाला बांधल्यासारखा मागे उभा. आमच्या उजवीकडून काही आत आलं नाही हे खरं, पण आमच्याकडून तिकडे काही गेलंही नाही, आणि सामना मरगळला. डावीकडून एक गोल मात्र खाल्ला. मध्यंतरात मी निखिलला बाजूला घेतलं आणि वहिनींचं शेवटचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. पुढे जाऊ नको असं तुझी आई म्हणाली नव्हती. एकमेकांकडे बघा, म्हणाली होती. निखिलनं पाण्याची बाटली तोंडावर ओतून घेतली आणि रायसिंगकडे गेला.

दुसऱ्या हाफमध्ये मला ते दिसलं, जे वहिनींना वर्षानुवर्षं दिसत होतं. निखिल पुढे निघण्याआधी मान वळवायचा. रायसिंग हात वर करून उजवीकडे सरकायचा, डावा बॅक मध्ये यायचा, आणि सगळी ओळ एका बाजूला तशीच सरळ सरकायची, तूट न पडता. चेंडू गेला की निखिल धावत माघारी. शेवटी शेवटी आम्हाला कॉर्नर मिळाला. रायसिंग उंच आहे, पण नंदुरबारच्या सामन्यानंतर जागा सोडायची त्याला भीती बसली होती. तो घुटमळत उभा राहिला. तेव्हा निखिल मागून ओरडला, "तू जाय. मी शे माघारे." रायसिंग गेला. त्याच्या डोक्याला लागून चेंडू खांबावर आदळला आणि परतलेल्या चेंडूवर आमच्या फॉरवर्डनं गोल केला. बरोबरी. हॉर्न वाजले, पण निखिलनं तिकडे पाहिलं नाही. तो आपल्या जागेवर उभा होता.

आता येत्या रविवारी धुळ्याला सामना आहे. स्पर्धेत पुढे जायचं तर जिंकावंच लागेल. त्यांचा डावीकडचा खेळाडू फार वेगवान आहे, तो निखिलच्याच बाजूला येणार. सरांचं म्हणणं, निखिलला मागे ठेवू. माझं मत वेगळं आहे. निखिल पुढे गेला तर त्या खेळाडूलाही त्याच्यामागे परतावं लागेल, आणि पळून दमलेला माणूस शेवटी शेवटी वेगवान राहत नाही. फक्त रायसिंगनं आधीच उजवीकडे झुकून उभं राहायला हवं. काल सरावात हे करून पाहिलं. रायसिंग पहिल्यांदाच मोठ्यानं बोलताना ऐकला. निखिलला रागावत होता, की उशिरा वळून बघतोस.

धुळ्याला जायचं म्हणून मी गाड्यांचं बघत होतो, तेव्हा माझी बायको आणि गल्लीतल्या बायका माझ्याकडे आल्या. त्यांना गाडीत जागा हवी होती. सतरंजी त्यांच्याजवळ होती. वहिनींच्या पश्चात ती माझ्या बायकोनं धुऊन, उन्हात वाळवून ठेवली होती. मैदान मोठं आहे, तिथं बसायला पायऱ्या आहेत, सावली आहे, असं मी सांगितलं. त्यांनी ते ऐकलंसुद्धा नाही. त्यांना विचारायचं होतं, की पहिल्या हाफला आपला गोल कोणत्या बाजूला असेल? मी म्हणालो, ते आत्ता कसं सांगता येईल, ते टॉस झाल्यावरच ठरतं. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं.

"चाली," माझी बायको म्हणाली. "मंग टॉस होस तोपर्यंत आम्ही उभ्या ऱ्हासूत."